औटकी कुठे गेली?

माझ्या आजोबांना औटकी तोंडपाठ होती. औट म्हणजे साडेतीन. दोनाला सात, तिनाला साडेदहा, चाराला चौदा, असं ते म्हणत जायचे आणि कुठे अडायचे नाहीत. आता हा शब्द ‘औट घटकेचं राज्य’ एवढ्यापुरता उरलाय. तिच्याच जोडीच्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. बे ते तीस झाले की या अपूर्णांकांच्या पाढ्यांची पाळी यायची. त्यापुढे अकरकी, म्हणजे अकरा ते वीसला अकरा ते वीसनेच गुणायचं.

एवढं सगळं लहान मुलांकडून पाठ करून घेण्यामागे बाजार होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, चाळीस शेरांचा मण. भाव सव्वा, दीड, अडीचच्या भाषेत बोलला जायचा. सव्वा रुपया वाराचं सात वार कापड घेतलं, तर सवायकीत साताला पावणेनऊ. त्यातल्या पाऊण रुपयाचे बारा आणे, म्हणजे द्यायचे आठ रुपये बारा आणे. कागद नको, पेन्सिल नको. सकाळी म्हटलेला पाढा मुलाला संध्याकाळी दुकानात कानावर पडायचा.

पंतोजींच्या शाळेत आकडे धूळपाटीवर गिरवायचे आणि पाढे एका सुरात म्हणायचे. एक मुलगा सांगे, बाकीचे त्याच्यामागून. घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोती, श्लोक आणि पाढे. हा परवचा. पाढ्यातले शब्द नीट ऐकले तर ते रोजच्या बोलण्यातले नाहीत हे लक्षात येतं. बे, दुणे, त्रिक, चोक, पंचे. ‘दोन गुणिले चार बरोबर आठ’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ‘बे चोक आठ’ म्हणून पोर पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. पिढ्यान् पिढ्या मुलांच्या जिभेवर घासून हे शब्द गुळगुळीत झाले आहेत. ती लय मला फार मोलाची वाटते. घोकंपट्टी म्हणून तिला मोडीत काढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण लय म्हणजे समज नव्हे, हेही आपल्याकडे जुनंच आहे. भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ ‘लीलावती’ बाराव्या शतकाच्या मध्यातला. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला, त्याचा शिलालेख तिथे आहे. ‘लीलावती’त हरणाच्या पाडसासारखे डोळे असलेल्या मुलीला विचारलंय की १३५ ला १२ ने गुणून किती होतील? आणि उत्तराकडे जायच्या वाटा एकाहून जास्त दाखवल्या आहेत. बाराचे आठ आणि चार करा. १३५ ची आठपट १०८०, चौपट ५४०, मिळून १६२०. संख्या फोडायची, सोपे तुकडे गुणायचे, पुन्हा जोडायचे. ही युक्ती आपण नंतर दुसरी-तिसरीतल्या मुलांपर्यंत फारशी पोचवलीच नाही, याचं मला वाईट वाटतं.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्याच वर्षापासून शेर-मण जाऊन टप्प्याटप्प्याने किलो आले. पावकी-औटकीचं काम संपलं आणि त्या हळूहळू उजळणीच्या पुस्तकातून गेल्या. बे ते दहा आणि पुढे तीसपर्यंतचे पाढे राहिले, पण त्यांना रोज धार लावणारा बाजार राहिला नाही. दुकानदार यंत्रावर बेरीज करतो, पिशवीवर किंमत छापलेली असते. मुलांच्या कानावर गुणाकार पडेनासा झाला आणि पाढे शाळेपुरते उरले. घोकंपट्टी कोरडी वाटू लागली ती इथून, असं मला वाटतं.

खेळातून शिकवायची वाट त्याआधीच दुसरीकडून येऊन ठेपली होती. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीवर काम करत होत्या. तिथली साधनं महाग, म्हणून १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी बिया, शिंपले, दगड, पानं हीच साधनं केली. ती बालवाडी होती, तिथे गुणाकार नव्हता. पण संख्या आधी हाताला लागली पाहिजे ही गोष्ट तिथून प्राथमिक शाळेपर्यंत आली. आज जिल्हा परिषदेच्या शाळांत दिसणारी शंभर मण्यांची, दर दहाला रंग बदलणारी माळ याच विचाराची.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती संख्यानामांची. सात नव्वे त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. मूल सहज ३६ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विषय विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिली आहे. मला ते तेव्हाही पटलं होतं.

घरी करायला फार लागत नाही. चिंचोके घ्या, सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ. मुलाला पाच ओळींखाली काडी ठेवायला सांगा. वर चाळीस, खाली सोळा, झाले छप्पन. ही लीलावतीचीच युक्ती, फक्त जमिनीवर मांडलेली. मग मुलाला उठवून बाजूला बसवा. आता त्याला आठ ओळी दिसतात, सात-सातच्या, आणि चिंचोका एकही हललेला नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ओझं निम्मं होतं. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे येत असतील, तर दहापर्यंतच्या पाढ्यांत नवे गुणाकार उरतात फक्त २१.

त्या २१ साठी पत्ते काढावेत. राजा, राणी, गुलाम बाजूला, एक्का म्हणजे एक. दोघांनी एकेक पान उलटायचं, गुणाकार आधी बोलेल त्याची दोन्ही पानं. सत्ती-अठ्ठी पडली की पहिल्या आठवड्यात मूल मनातल्या मनात चाळीस आणि सोळा करताना दिसतं, ओठ हलतात. पुढे कधीतरी पान पुरतं उलटायच्या आत ‘सात आठे छप्पन’ येतं, त्याच जुन्या सुरात.