परस्पर संमतीने घटस्फोट: अर्ज, कागदपत्रं आणि मुलाबद्दलची ती एक ओळ

घटस्फोटाच्या अटींचा कच्चा मसुदा घेऊन नवरा-बायको वकिलाकडे जातात, तेव्हा त्यात पोटगीचा आकडा असतो, दागिन्यांची यादी असते, फ्लॅटचे हप्ते कोण भरणार हे असतं, अगदी स्कूटर कोणाकडे राहणार तेही असतं. मुलाबद्दल मात्र एकच ओळ: ‘मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना भेटता येईल.’ निकालानंतर हीच ओळ बऱ्याच जणांना पुन्हा कोर्टाची पायरी चढायला लावते. म्हणून अर्जाची माहिती आधी थोडक्यात देतो आणि मग त्या ओळीकडे येतो.

अर्ज कोण करू शकतं

हिंदू विवाह कायदा, १९५५ मधलं कलम १३-ब हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू होतं. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, एकत्र नांदणं शक्य नाही हे दोघांना मान्य हवं आणि लग्न मोडायचं दोघांनी मिळून ठरवलेलं हवं. ‘वेगळे’ म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर एका छपराखाली राहूनही ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं आहे. मुंबईत दुसरी खोली परवडत नाही म्हणून कित्येक जोडपी अशीच दिवस काढतात.

रजिस्टर्ड लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम २८ खाली जवळपास हीच पद्धत आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, त्यामुळे तिथली माहिती तिथल्याच वकिलाकडून घ्या.

एक इशारा. गावाकडे अजूनही स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून, नोटरीचा शिक्का मारून ‘आता मोकळे’ म्हणतात. समाजात तशी रूढी जुनी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तर गोष्ट निराळी, एरवी त्या कागदाने लग्न मोडत नाही. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरू शकतं.

कुठे आणि काय घेऊन जायचं

लग्न जिथे लागलं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा समोरचा पक्षकार जिथे राहतो, तिथल्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे तो दिवाणी न्यायालयात जातो. २००३ पासून पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही अर्ज करू शकते. माहेरी परतलेल्या बाईला याचा मोठा आधार आहे.

कागदपत्रांत विवाह नोंदणीचा दाखला आधी शोधा. तो नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो जोडतात. दोघांचे आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, दोघांचे फोटो, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र आणि दोघांच्या सह्यांच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांना मान्य असलेल्या अटींचा लेखी कागद. पोटगीवर एकमत नसेल तर उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते सक्तीचं आहे, म्हणून पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे गोळा करून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे ठाऊक नसल्याने कर्ज काढून केस लढणाऱ्या बायका पाहिल्या की हळहळ वाटते.

अर्ज दिल्यावर

अर्ज दाखल झाला की विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात, संमती खरी आहे का हे पाहतात. मग किमान सहा महिने थांबायचं आणि अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन संमती सांगायची. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे अर्ज टाकला म्हणजे काम झालं असं समजू नका.

सहा महिने माफ होतात का, असं सगळेच विचारतात. होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार दोघं अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलं असेल, तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. म्हणजे घाई असेल तरी मुलाचा प्रश्न आधी सोडवावाच लागतो.

आता ती ओळ

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात आहे. पण ‘साधारणपणे’ हा शब्द तिथे उगाच नाही. कोर्ट शेवटी मुलाचं हित पाहतं. आईचा पगार कमी किंवा वडील जास्त कमावते, एवढ्यावर ताबा ठरत नाही.

‘भेटता येईल’ म्हणजे कधी? दुसरा आणि चौथा शनिवार की दर रविवार? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, की रात्री मुक्कामाला? मूल आणायला कोण जाणार, पोचवणार कोण? गणपतीत मूल कुठे, दिवाळीतला पाडवा कुठे, भाऊबीज कुठे? मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी की आलटून पालटून? मूल आजारी पडलं तर बुडालेल्या भेटीची भरपाई कधी? हे वाचताना किरकोळ वाटतं, पण भांडणं याच्यावरूनच होतात. शाळेच्या पालकसभेला दोघांनी जायचं का, निकालपत्र दोघांना मिळणार का, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, हेही लिहा. एक पालक दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असेल तर फोन आणि व्हिडिओ कॉलवरच्या भेटीची सोय असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. परदेशाचा विषय असेल तर पासपोर्ट कोणाकडे राहील आणि मुलाला बाहेर नेण्यासाठी दुसऱ्याची लेखी संमती लागेल का, हे स्पष्ट हवं. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल एकदा देशाबाहेर गेलं की परत आणणं फार किचकट होतं.

मुलाचा खर्च आईच्या पोटगीत मिसळू नका. शाळेची फी, क्लास, दवाखाना वेगळे लिहा आणि दरवर्षी किती वाढ तेही. ‘मला काही नको, फक्त मोकळं करा’ असं म्हणत एखादी आई मुलाचाही खर्च सोडून देते. तो हक्क मुलाचा आहे, आईच्या सहीने तो संपत नाही.

एकमत झालंच नाही, तर घटस्फोटाच्या दाव्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा अर्ज करता येतो. नाहीतर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली मूल जिथे राहतं त्या जिल्ह्यात. समजत्या वयाच्या मुलाचं मत न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. मुलाला उत्तरं पढवून नेऊ नका. आठ वर्षांचा मुलगा ‘माझ्या सर्वांगीण विकासासाठी’ असं म्हणाला की ते वाक्य कोणाचं आहे हे समुपदेशकाला लगेच कळतं.

ताब्याचा निकाल लागेपर्यंतच्या भेटी अनेकदा कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत होतात. खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात, पण तासाभरासाठी बाबांना भेटायला कोर्टात यावं लागलं हे मूल विसरत नाही. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल मोठं झालं, बदली झाली, परिस्थिती पालटली की तो बदलून मागता येतो.

निकालाच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढून घ्या. एक पासपोर्टच्या कामाला लागते, एक बँकेत. आणि एक शाळेच्या ऑफिसात देऊन ठेवा, म्हणजे शाळा सुटल्यावर मूल कोणाच्या हातात द्यायचं हे गेटवरच्या मावशींना ठरवावं लागणार नाही.