वरच्या वेगाला ताकद गेली म्हणजे इंजिन बसलं?

कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेली) जुनी मारुती ८०० कमी वेगाला छान चालते, पण चौथ्या गिअरात जोर लावला की गुदमरते. लगेच निदान तयार: "इंजिन बसलंय, बोअर करा." म्हणजे इंजिन आतून झिजलंय, सिलिंडर तासून मोठे करा. हा समज गॅरेजइतकाच जुना आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूची) गळती कमी आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) जास्त जाणवते, कारण वायूला निसटायला वेळ मिळतो. सकाळी स्टार्टिंगला त्रास, निळा धूर, ऑइल खाणं ही लक्षणं सोबत असतात. ती नसतील तर खिशाला हात घालू नका.

वरच्या आरपीएमला प्रश्न बहुधा पुरवठ्याचा असतो. कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) काठोकाठ भरते. पेट्रोलचा फिल्टर तुंबला किंवा पेट्रोल पंपाचा पडदा दमला तर सलग रेसला ती रिकामी होत जाते. म्हणूनच गाडी आधी पळते आणि मग मरते. मोकळ्या रस्त्यावर गुदमरताक्षणी चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खिट्टी) किंचित ओढून बघा. गाडीने उचल घेतली, तर पेट्रोल कमी पडतंय.

फरक नसेल तर डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा डबा) उघडा. त्यातली अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून अडकली की वेग वाढला तरी ठिणगी हवी तितकी लवकर पडत नाही. तुंबलेला सायलेन्सरही वरची ताकद अशीच मारतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आणि बोअरिंगचा आग्रह झालाच, तर आधी गेज लावून कॉम्प्रेशन मोजून मागा. अर्ध्या तासाचंही काम नाही.