गरम झाल्यावर बंद पडणारे इंजिन: फ्युएल पंप की क्रँक सेन्सर?

पेट्रोल इंजिन तापल्यावर चालता चालता बंद पडते, कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही आणि वीस मिनिटांनी काही घडलेच नाही अशा थाटात पहिल्याच सेल्फला सुरू होते. या तक्रारीवर ‘फ्युएल पंप गेला’ हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते की ते ऐकून आता वीट आला आहे. पंपाचे काम सर्वांना ठाऊक असते: साध्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल ते फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचवतो. क्रँक सेन्सर हा क्रँकशाफ्टवरील दातेरी चक्रापाशी बसवलेला लहानसा भाग असून, दाते समोरून सरकताना उमटणाऱ्या सिग्नलवरून इंजिनाच्या कंप्युटरला शाफ्टचा वेग आणि स्थिती कळते. उष्णतेने दोघेही दगा देतात आणि थंड झाल्यावर दोघेही सावरतात, त्यामुळे केवळ ‘गरम झाल्यावर बंद पडते’ एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

खरी फसगत पुढेच होते. इंजिन बंद पडल्यावर मेकॅनिक टाकीपाशी कान लावून साहाय्यकाला सेल्फ मारायला सांगतो, पंपाचा आवाज येत नाही आणि निदान झाले असे मानले जाते. परंतु अनेक गाड्यांत चावी फिरवल्यावर कंप्युटर पंप दोनएक सेकंदच चालवतो आणि त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला, तरच पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) चालू ठेवतो. अपघातात बंद पडलेल्या गाडीतून पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यामागचा हेतू आहे. म्हणजेच सेन्सरचा सिग्नल तुटला, तर ठणठणीत पंपही गप्प बसतो, आणि त्याच्याबरोबर स्पार्क, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगीही जाते. पंपाचे मौन हा अशा वेळी दोष नसून दोषाचा परिणाम असतो. म्हणून त्याच क्षणी स्पार्क तपासावा: स्पार्क व्यवस्थित असेल तर संशय पंप, त्याचा रिले आणि वायरिंग यांच्यावर जातो, दोन्ही एकदम गेले असतील तर पंपाला हात लावण्याचे कारण नाही.

गाडी बंद पडते तो क्षणही बरेच सांगतो. पंप दमत असेल तर गाडी बहुधा आधी पिकअप सोडते, चढावर झटके खाते आणि मग बंद पडते; टाकीत पेट्रोल कमी असताना हा त्रास वाढतो, कारण पंपाची मोटर भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहते. सेन्सर गेला तर चावी बंद केल्यासारखे इंजिन एकदम बंद पडते. अशा वेळी मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर चाके इंजिनाला फिरवतच राहतात. तरीही आरपीएमचा काटा थेट शून्यावर कोसळला, तर सिग्नल हरवला आहे असे समजावे. क्लच दाबला की इंजिन खरोखरच थांबते आणि या खुणेला अर्थ उरत नाही. नंतर सेल्फ मारताना स्कॅनरवर (कंप्युटरमधील आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) आरपीएम पाहणे अधिक भरवशाचे असते: स्टार्टर फिरत असताना तेथे दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा, शून्य नव्हे.

कंप्युटर नोंदवतो त्या एरर कोडवर माझा फारसा विश्वास नाही. पी०३३५ हा कोड आला तर तो सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो आणि त्या सर्किटमध्ये तार व कनेक्टरही येतात. कोड आला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. थंड सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून ‘बरोबर आहे’ म्हणणे तर मला मुळीच पटत नाही, कारण सेन्सरच्या आतली तार तुटते ती तापल्यावर. सेन्सर काढण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून त्याचा कनेक्टर हलवून पाहावा आणि आत तेल शिरले आहे का ते तपासावे. पंपावर संशय असेल तर प्रेशर गेज गॅरेजमध्ये लावून लगेच काढून घेऊ नये. गाडी बंद पडेल त्या क्षणी काटा कोठे आहे, हे दिसेपर्यंत तो लावलेलाच राहू द्यावा.