डायसल्फाइड बंध आणि सॉल्ट ब्रिज: मजबुतीपुरता फरक नाही

"उष्णता, आम्ल किंवा युरिया दिला की प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या पार्श्वसाखळ्यांमधले सगळे बंध तुटतात." क्लासच्या नोट्समध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातंय आणि ते चूक आहे.

सॉल्ट ब्रिज म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या दोन पार्श्वसाखळ्यांमधलं आकर्षण. अस्पार्टेट किंवा ग्लुटामेटचा ऋण प्रभार, लायसिन किंवा आर्जिनिनचा धन प्रभार, मध्ये साधारण 4 अँगस्ट्रॉमपर्यंतचं अंतर. आम्ल घालून pH पुरेसा खाली नेला की कार्बोक्झिलेट (अस्पार्टेट-ग्लुटामेटचा ऋण प्रभाराचा गट) प्रोटॉन घेतो, ऋण प्रभार जातो, ब्रिज संपतो.

घोळ होतो तो डायसल्फाइडशी. सिस्टिन (cysteine) या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या दोन रेणूंच्या SH गटांमधले हायड्रोजन जातात, त्यांच्यासोबत दोन इलेक्ट्रॉन जातात आणि S–S बंध तयार होतो. म्हणजे हे ऑक्सिडीकरण आहे. तो बंध उलट सोडवायचा तर इलेक्ट्रॉन परत द्यावे लागतात. "तो सहसंयुज आहे, मजबूत आहे, म्हणून युरियाला दाद देत नाही" हे उत्तर मला अपुरं वाटतं. कारण तोच मजबूत बंध डीटीटी (डायथायोथ्रिटॉल, एक क्षपणकारक म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं रसायन) साध्या खोलीच्या तापमानाला सोडवतं. युरियाकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत, डीटीटीकडे आहेत. (तीव्र अल्कलीत तापवलं तर डायसल्फाइडचा नाश होतो, पण ती अभिक्रिया निराळी.)

प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हे डोळ्यांना दिसतं. आयजीजी अँटिबॉडी नुसत्या एसडीएसमध्ये (प्रथिन उलगडणारा डिटर्जंट) तापवून चालवा, मुख्य पट्टा 150 किलोडाल्टनच्या आसपास राहतो. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (डीटीटीसारखंच क्षपणकारक) घाला, की साखळ्या सुट्या होऊन 50 आणि 25 चे दोन पट्टे. जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे विकर उलगडताना 8 मोलर युरिया आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल दोन्ही वापरलं, ते याचसाठी: युरिया दुर्बल आकर्षणांसाठी, दुसरं त्या प्रथिनातल्या चार डायसल्फाइडांसाठी. 1972 च्या नोबेलमागचा हा प्रयोग शिकवताना नेमका हा दुसरा पदार्थ गाळला जातो, याचा मला खरंच राग येतो.

पेशीतली जागाही याच कारणाने ठरते. पेशीद्रवात ग्लुटाथायोन या SH गट असलेल्या छोट्या रेणूमुळे क्षपणाचं (इलेक्ट्रॉन देणारं) वातावरण असतं, तिथे डायसल्फाइड सहसा टिकत नाहीत. ते आंतर्द्रव्यजालिकेत (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) बनतात आणि म्हणून इन्शुलिनसारख्या बाहेर स्रवणाऱ्या प्रथिनांत सापडतात. सॉल्ट ब्रिजला अशी अट नाही.

आणि मेथिओनिन या अमिनो आम्लामध्ये गंधक आहे म्हणून त्याला डायसल्फाइडच्या यादीत घालू नका. त्याच्या गंधकाला मिथाइल जोडलेलं असतं, SH गट नसतोच.