खरपूस कवच आलं कुठून? बरगडीच्या रोस्टची पार्श्वभूमी

मोबाईलवर सध्या एक प्रकार लई फिरायलाय. चार-पाच बरगड्यांचा हा एवढा मोठा तुकडा, वरून काळपट-तांबूस कवच, सुरी फिरवली की कर्र असा आवाज आणि आत एकसारखा गुलाबी रंग. खाली लिहिलेलं असतं ‘रिव्हर्स सिअर’, म्हणजे आधी मंद आचेवर आतून शिजवायचं आणि शेवटी कडक आचेवर वरून भाजायचं. आमच्या छावणीतल्या एका मित्रानं डिसेंबरात विचारलं की हे आपल्या ओटीजीत (घरातल्या छोट्या विजेच्या भट्टीत) जमेल का, म्हणून मी जरा मागचं खणत बसलो, आणि खणता खणता कळलं की ज्याला नवीन टेक्निक म्हणून विकायलेत ते निम्मं जुनंच आहे, मधी दीडशे वर्षं एका शास्त्रज्ञाच्या चुकीनं उलटं झालं होतं एवढंच.

आधी तुकडा कुठला ते सांगतो. गोऱ्या लोकांकडं गोवंशाच्या तेरा बरगड्यांपैकी सहावी ते बारावी हा भाग रिब रोस्टसाठी घेतात, कारण पाठीच्या कण्याजवळचा हा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, मग तो मऊ राहतो आणि त्यात चरबीच्या बारीक रेषा असतात. अमेरिकेत ‘प्राईम’ वगैरे ग्रेडचे शिक्के सरकारनं १९२७ पासून मारायला सुरुवात केली. ती जनावरं मांसासाठीच पाळलेली, मका खाऊन दीड-दोन वर्षात कापलेली. आपल्याकडं गायीच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून, आणि २०१५ मध्ये राष्ट्रपतींची सही झाल्यावर बैल-वळूही त्यात आले. त्यामुळं मराठवाड्यात आज ‘बडे का’ किंवा ‘मोठ्याचं’ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं-रेड्याचं. लाल कंधारी असो की देवणी, या जाती नांगराला आणि गाडीला जुंपायला नावाजलेल्या (देवणी दुधालाही), मांसाच्या चरबीसाठी त्यांना कुणी कधी निवडून वाढवलंच नाही. आणि म्हैस तर दुधाची. दूध आटलं की मगच ती कुरेशी खाटकाच्या दुकानापर्यंत पोचते. म्हणजे जनावर म्हातारं, मांस गडद लाल, चरबी कमी आणि पांढरी फट्ट (गायीची चरबी पिवळसर असते कारण तिच्यात चाऱ्यातलं कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य साठतं, म्हैस त्याचं व्हिटॅमिन ए करून टाकते). हा फरक ध्यानात ठेवा, शेवटी तोच नडतो.

आता रोस्टकडं येतो. इंग्रजांचं जुनं रोस्ट ओव्हनमध्ये होत नव्हतं. उघड्या जाळासमोर, जाळाच्या वर नाही तर समोर, लोखंडी सळईवर मांस फिरत राहायचं. सळई फिरवायला पोरं ठेवायचे, काही घरात तर चाकात पळणारी बुटकी कुत्री होती, तिला काम तेवढंच. आणि जुने आचारी काय करायचे बघा, सुरुवातीला मांस जाळापासून लांब ठेवायचे, वरून तूप-चरबी लावलेला कागद गुंडाळायचे, आणि शिजत आलं की कागद काढून जाळाजवळ सरकवायचे, वर पीठ भुरभुरायचे, मग वरून फेस येऊन तांबूस व्हायचं. म्हणजे आधी मंद आणि मग कडक, हाच आजचा ‘रिव्हर्स’ नाही का?

अठराव्या शतकाच्या शेवटाला काउंट रमफर्ड म्हणून एक उचापती माणूस होता, त्यानं बटाटे वाळवायच्या यंत्रात मेंढीच्या खांद्याचा तुकडा ठेवून बघितला. तीन तासात काही शिजलं नाही, त्यानं नाद सोडला, पण तुकडा रात्रभर तिथंच राहिला आणि सकाळी कामवाल्या बायकांनी काढला तर लोण्यासारखा मऊ. मंद आचेची ताकद अशी योगायोगानं कागदावर आली.

मग १८४७ साली जर्मनीच्या युस्टुस फॉन लिबिगनं घोळ घातला. मोठा केमिस्ट, खतांच्या शास्त्रात त्याचं नाव आजही घेतात, पण मांसाबद्दल त्यानं असं मांडलं की मांस एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की वरचा थर गोठतो, कवच तयार होतं आणि आतला रस बाहेर येत नाही. आचाऱ्यांनी तेच रोस्टला लावलं. इंग्लंड-फ्रान्सच्या स्वयंपाकात सगळं उलटं झालं, आता आधी कडक जाळ, ‘रस कोंडायचा’, मग मंद. त्याच सुमाराला घराघरात लोखंडी बंद चुली आल्या, सळई गेली, रोस्ट ओव्हनच्या पेटीत शिरलं, आणि लिबिगचं म्हणणं तिथं सोयीचंही पडलं. याच लिबिगच्या नावानं १८६५ मध्ये मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली, उरुग्वेच्या फ्राय बेंटोसला कारखाना, जनावर आटवून काळी पेस्ट बाटलीत. ज्याचं म्हणणं रस आत ठेवा असं, त्याच्याच नावानं रस बाहेर काढून विकला, असो.

१९३० च्या दशकात अमेरिकेत कुणीतरी शेवटी वजनकाटा घेऊन बसलं. आधी कडक भाजलेलं मांस आणि न भाजलेलं मांस, दोन्हीचं पाणी किती गेलं ते मोजलं, तर आधी भाजलेल्याचं कमी गेलेलं नव्हतंच. तसं बघितलं तर तव्यावर मांस टाकल्यावर चर्र आवाज येत राहतो तो कशाचा? पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होण्याचाच ना. कवचानं काही कोंडलं जात असतं तर आवाज बंद पडला असता. तरी ‘रस सील करायचा’ हे वाक्य आजही ऐकू येतंय, आमच्या इथल्या हॉटेलातला तंदूरवालाही म्हणतो.

मग कवच आहे कशासाठी? चवीसाठी. १९१२ मध्ये लुई कामिय माय्यार या फ्रेंच डॉक्टर-केमिस्टनं साखर आणि अमिनो आम्ल (प्रथिनं ज्याची बनतात तो घटक) एकत्र तापवलं तर मिश्रण तपकिरी झालं. त्याला स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं, शरीरात प्रथिनं कशी बनतात हा त्याचा विषय. मग १९५३ मध्ये जॉन हॉज या अमेरिकन केमिस्टनं, इलिनॉयच्या पिओरिया गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत, ही सगळी साखळी पायरी पायरीनं मांडली आणि ती मांडणी अजून वापरतात. साधं करून सांगायचं तर ही क्रिया साधारण १४० अंशाच्या पुढं जोर धरते, आणि ओलं मांस १०० अंशाच्या वर जातच नाही, कारण सगळी आच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी शून्यापासून शंभरावर न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त त्याची वाफ करायला लागते. म्हणजे कवच करायचं तर आधी पृष्ठभाग कोरडा करा, आच नंतर. सगळी गंमत कोरडेपणाची आहे.

इथं मला आपल्याकडचं आठवायला लागलं. कवच वगैरे म्हणायला जड वाटतं, आपल्याकडं एकच शब्द आहे, खरपूस. भाकरीचा पापुद्रा, भरताचं वांगं, आरावर भाजलेला हुरडा. भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड तर घरात भांडून खायची गोष्ट. मोठ्याच्या मांसात मात्र खरपूसपणा कमी, रस्सा जास्त, आणि त्याचं कारण चवीत नाही, जनावरात आहे. म्हाताऱ्या जनावराच्या मांसातला चिवट धागा पाण्यात तासनतास शिजल्याशिवाय सुटत नाही. गावगाड्यात मेलेलं जनावर ओढायचं काम महारांवर लादलेलं होतं आणि त्याचंच मांस त्यांच्या वाट्याला यायचं, १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ते खाणं सोडा असं जाहीर सांगितलं. त्या ताटात निवडीला जागा कुठं होती. पण त्याच घरांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवायचे, त्या चान्या. मग लागतील तशा आरावर भाजून खायच्या. फ्रीजमध्ये उघडं ठेवून मांस कोरडं करायची जी युक्ती आज व्हिडिओत दाखवतात, तिचं तत्त्व चान्यांत आधीपासून होतंच, फक्त तिथं ते चोचल्यासाठी नव्हतं, पुढच्या दिवसांसाठी साठवायचं म्हणून होतं.

शहरातली परंपरा वेगळी. औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) नान-कलिया प्रसिद्ध, त्याची गोष्ट लोक तुघलकाच्या फौजेपर्यंत नेतात, १३२७ ची देवगिरीची राजधानी. पण त्यातही बघा, खरपूसपणा भट्टीतल्या नानवर, मांस मात्र रश्श्यात. रोस्ट इकडं आलं असेल तर छावण्यांतून. १८०३ ला भोकरदनजवळ असईला इंग्रज सेनापती वेलस्लीची मराठ्यांशी लढाई झाली, पुढं जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमीनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं निजामाच्या खर्चावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पलटणी बसल्या. तिथल्या खानसाम्यांना ओव्हन कुठून मिळणार, ते देगचीत मांस ठेवून झाकणावर निखारे ठेवायचे, खालून मंद आणि वरून लाल. साहेबाला रोस्ट हवं होतं, खानसाम्याला दम द्यायची, म्हणजे झाकून मंद आचेवर शिजवायची पद्धत येत होती, दोघांचं जुळलं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे आपली आळणी. हळद-मीठ घालून मटण आधी पाण्यात शिजवायचं, ते आळणी पाणी बाजूला काढून पोरांना प्यायला द्यायचं, आणि मग फोडी कढईत मसाल्यावर कोरड्या होईस्तोवर परतून सुक्कं करायचं. आधी आतून मऊ, मग वरून खरपूस. माझ्या आजीला लिबिग माहीत नव्हता म्हणून तिचं बरोबर राहिलं.

तर त्या मित्रासाठी आम्ही केलं ते असं. तीन बरगड्यांचा सव्वादोन किलोचा रेड्याचा तुकडा, कसायाला सांगितलं की पाठीचं मांस हाडाला तसंच ठेव, तो दोनदा विचारत होता तोडू का म्हणून. किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडं ठेवलं. मीठ आधी पाणी बाहेर काढतं आणि मग तेच पाणी परत आत जातं, त्यामुळं भाजायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मीठ लावणं सगळ्यात वाईट, एकतर ऐनवेळी लावा नाहीतर आदल्या दिवशी. कच्ची पपई लावली नाही, ती आत जात नाही, नुसता वरचा थर पिठूळ करते आणि कवच बिघडतं. गोऱ्यांच्या रेसिपीत आतलं तापमान ५२-५३ अंशाला काढतात. आपल्या म्हाताऱ्या रेड्याला ते चालत नाही, चिवट धागा विरघळायला ७० च्या पुढं जाऊन बराच वेळ तिथं राहावं लागतं. म्हणून फॉइलनं झाकून १२० वर साडेचार तास (मधी पाऊण तास लाईट गेली, ते सोडून), काटा सहज आत जाईपर्यंत. गुलाबी रंग गेला, जाऊ द्या. मग फॉइल काढून सुटलेला रस वाटीत ओतला, तुकडा अर्धा तास उघडा ठेवला, कापडानं पुसला, तूप चोळलं आणि ओटीजी २५० वर नेऊन बारा मिनिटं. लसूण-तिखट आधी लावलं असतं तर जळून कडू झालं असतं, म्हणून ते सगळं त्या वाटीतल्या रसात, वरून चमचाभर येसर, म्हणजे रश्श्याला घालायचा आपला भाजून दळलेला मसाला.

वरून कर्र आवाज आला. कडेच्या हाडांवरून मित्राच्या पोरांची भांडणं लागली आणि येसरचा रस्सा भाकरीसोबत आधी संपला, रोस्ट सकाळपर्यंत पुरलं.