‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

गेल्या हंगामात आमच्याकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात एक कास्तकार काटापट्टी घेऊन उभा होता. पट्टीवर 18.40 क्विंटल, कंप्युटरवर 14.80. ऑपरेटरनं ऑडिट लॉगमध्ये (कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद) शोधलं. क्षणात उत्तर आलं: नोंद नाही. “पाहा काका, कोणी हातच नाही लावला.” शोध मागच्या 30 दिवसांपुरताच झाला, हे पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं.

सातबारा आजची स्थिती दाखवतो. ती तशी का झाली, ते फेरफार नोंदवही सांगते. ऑडिट लॉग म्हणजे कंप्युटरची फेरफार वही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरात ती सक्तीची आहे. पण शोधायचं कसं? या वहीच्या रोजच्या सगळ्या फायली उघडाव्या तर वेळ जातो, मोजक्या उघडाव्या तर नोंद निसटते.

यावर संगणकतज्ज्ञ बर्टन ब्लूम यांनी 1970 मध्ये मांडलेली युक्ती मला फार आवडते. समजा, रोजच्या फाइलीत हजार पावत्या आहेत. तिच्यासोबत दहा हजार घरांची एक ओळ ठेवायची, सगळीकडे 0. प्रत्येक पावतीचा क्रमांक सात वेगवेगळ्या सूत्रांतून (हॅश) काढायचा. उत्तरं येतील त्या सात घरांत 1 लिहायचा. पुढे तोच क्रमांक शोधताना तीच सात घरं पाहायची. एकाही घरात 0 दिसला, तर ती पावती त्या फाइलीत नाहीच. फाइल उघडूच नका! सगळीकडे 1 असेल तर ‘असेल बहुतेक’, कारण ते 1 दुसऱ्या पावत्यांचेही असू शकतात. असा खोटा संशय शंभरात सुमारे एकदा येतो. म्हणजे वर्षाच्या 365 फायलींत तीन-चार उगाच उघडाव्या लागतील, पण खरी एकही सुटणार नाही. आणि ही ओळ जेमतेम सव्वा किलोबाइटची.

मात्र ‘15 क्विंटलखालची वजनं दाखवा’ म्हटलं की ब्लूमची युक्ती हात टेकते. हॅशमध्ये लहान-मोठा क्रम उरतच नाही. शिवाय लाइट गेल्यानं काट्यावरच्या नोंदी रात्री उशिरा पोहोचल्या आणि ओळ संध्याकाळीच तयार झाली असेल, तर त्या निसटल्याच. ‘आमच्यात एआय आहे, सगळं दिसतं’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला एवढंच विचारा: न उघडलेली फाइल तुमचा एआय वाचतो कसा?

त्या दिवशी तारीख मागे नेली. चहा होईस्तोवर थांबावं लागलं, पण नोंद निघाली. पट्टीच्या दुसऱ्याच दिवशी 18.40 चे 14.80 झाले होते. बदल करणाऱ्याचं नाव: ॲडमिन. ऑफिसातले चौघंही त्याच नावानं लॉगिन करतात.