‘पाठवलं’ म्हणजे नेमकं काय पाठवलं? टपाली मतदानाचा अर्ज आणि मतपत्रिका

अमेरिकेत निवडणुकीच्या दिवसांत मतदारांना फोन करण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांच्या कानावर एक वाक्य शेकडो वेळा पडलेले असते: ‘ते मी केव्हाच पाठवून दिलं.’ बोलणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने खरोखरच काहीतरी पोस्टात टाकलेले असते, आणि स्वयंसेवक उत्साहाच्या भरात आभार मानून, यादीत ‘मतदान झाले’ अशी खूण करून पुढच्या क्रमांकाकडे वळतो. घोटाळा होतो तो ‘ते’ या शब्दात. टपाली मतदानाचा अर्ज आणि टपाली मतपत्रिका हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला कागद म्हणजे ‘मला मतपत्रिका पाठवा’ अशी विनंती असते आणि दुसरा म्हणजे प्रत्यक्ष मत. दोन्ही कागद एकाच काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कार्यालयाकडे जातात, दोन्हींवर सही लागते आणि दोन्हींची आठवण करून देणारे फोन साधारण सारख्याच शब्दांत केले जातात, त्यामुळे मतदाराचा गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही. स्वयंसेवकाचा मात्र उडता कामा नये.

मी २०२४ च्या शरद ऋतूत पेनसिल्व्हेनियातील मतदारांना फोन करत होते, म्हणून उदाहरणे त्याच राज्यातील देते. तिथे २०१९ पर्यंत टपालाने मत देण्यासाठी कारण द्यावे लागत असे. आजारपण, गावाबाहेर असणे, अपंगत्व अशा कारणांवर जी मतपत्रिका मिळे, तिला ‘ॲबसेंटी बॅलट’ म्हणत आणि आजही म्हणतात. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी ‘ॲक्ट ७७’ या कायद्यावर सही केली आणि ‘मेल-इन बॅलट’ हा दुसरा प्रकार आला, ज्यासाठी कोणतेही कारण लागत नाही. आपल्याकडच्या माणसाच्या मनात टपाली मतदान म्हटले की सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी किंवा अलीकडे ८५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक असेच चित्र येते, त्यामुळे तिथे स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या अनेक मराठी मतदारांचा पहिला प्रश्न असतो, ‘पण मी तर ठणठणीत आहे, मला कसं चालेल?’ चालते, आणि ते का चालते हे दोन वाक्यांत सांगता येणे ही या कामाची पहिली पायरी आहे.

आता अर्जाकडे पाहू. अर्ज कागदावर करता येतो आणि राज्याच्या संकेतस्थळावरही भरता येतो. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि ओळख पटवण्यासाठी वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. (हे चार अंक स्वयंसेवकाने फोनवर कधीही विचारू नयेत, मतदाराने ते स्वतः भरावेत. कोणी फोनवर ते मागितले तर मतदाराने फोन ठेवून द्यावा, हे मी स्वतःहून सांगत असे, आणि त्यानंतर संभाषण हमखास सैल होई.) अर्ज निवडणुकीच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत काउंटीकडे पोहोचावा लागतो. २०२४ मध्ये ती तारीख २९ ऑक्टोबर होती. अर्जात चूक झाली, तो अपुरा राहिला किंवा हरवला तरी मत बुडत नाही, कारण मत अजून दिलेलेच नसते. मुदत असेल तर पुन्हा अर्ज करता येतो, नसेल तर मतदान केंद्रावर जाता येते.

मतपत्रिकेच्या बाबतीत हा दिलासा नाही. ती संकेतस्थळावर भरता येत नाही, ती कागदीच असते आणि तिच्या सोबत दोन पाकिटे येतात. खूण केलेली मतपत्रिका आधी आतल्या गोपनीयतेच्या पाकिटात घालायची, ते बंद करायचे, मग ते बाहेरच्या पाकिटात घालायचे आणि बाहेरच्या पाकिटावर छापलेल्या प्रतिज्ञेखाली सही करून तारीख लिहायची. आतले पाकीट विसरले तर त्या मतपत्रिकेला तिथले लोक ‘नेकेड बॅलट’ म्हणतात, आणि अशी उघडी मतपत्रिका मोजायची नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिला. बाहेरच्या पाकिटावरील तारखेवरून तर इतके खटले झाले आहेत की त्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही. सही आणि आजची तारीख, जन्मतारीख नव्हे, एवढे मतदाराला सांगणे पुरेसे आहे. जन्मतारीख लिहिण्याची चूक हास्यास्पद वाटते, पण अर्जावर जन्मतारीख लिहिलेल्या माणसाच्या हाताला तीच सवय लागलेली असते. दोन कागदांच्या सारखेपणातून निघणारी ही चूक आहे.

मुदतीतील फरक सर्वांत घातक आहे. मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ वाजेपर्यंत काउंटीच्या हाती पडावी लागते. पोस्टाचा शिक्का आधीच्या तारखेचा आहे, या सबबीचा उपयोग होत नाही. येथे शेजारच्या न्यू जर्सीतील स्वयंसेवकांची, ज्यांत मराठी मंडळी बरीच असतात, विशेष फसगत होते. पेनसिल्व्हेनियात चुरस असते म्हणून ही मंडळी डेलावेअर नदीपलीकडच्या मतदारांना फोन करतात आणि नकळत आपल्या राज्याचा नियम सांगून बसतात. २०२४ मध्ये न्यू जर्सीत मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली मतपत्रिका पुढील सहा दिवसांत पोहोचली तरी मोजली जात होती. शिवाय न्यू जर्सीत एकदा अर्ज केला की साधारणपणे मतदार स्वतः नको म्हणेपर्यंत पुढील निवडणुकांच्या मतपत्रिका येत राहतात. नदीच्या या बाजूला खरे असलेले वाक्य त्या बाजूला एखाद्याचे मत बाद करू शकते.

पेनसिल्व्हेनियातही ‘कायम यादी’ म्हणून ओळखली जाणारी सोय आहे, पण ती नावाइतकी कायम नाही. वार्षिक यादीत नाव घातलेल्या मतदाराला दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत येतो तो नवा अर्ज, मतपत्रिका नव्हे. तो भरून परत केला तरच त्या वर्षातील निवडणुकांच्या मतपत्रिका घरी येतात. ‘माझं नाव यादीत आहे, आपोआप येईल’ असे म्हणणारा मतदार बहुतेक वेळा तो फेब्रुवारीतला कागद इतर रद्दीबरोबर टाकून बसलेला असतो. गोंधळाची दुसरी बाजू २०२० मध्ये दिसली. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, वेळी अर्ज करताना अनेकांनी पुढील निवडणुकीसाठीही मतपत्रिका हवी, अशा चौकटीत खूण केली होती आणि ते विसरले होते. पक्षांनी आणि संघटनांनी घरोघर अर्ज पाठवल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज भरले. त्या वर्षी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज नाकारले गेले, आणि त्यांतील बहुतेक दुबार होते. नकाराचे पत्र हाती आल्यावर मात्र ‘माझं मत नाकारलं’ अशीच अनेकांची समजूत झाली. वास्तविक नाकारली गेली होती ती दुसरी विनंती. पहिली मंजूरच होती.

अर्ज आणि मतपत्रिका यांच्यामध्ये किती माणसे थांबतात, याचा अंदाज त्याच वर्षाच्या आकड्यांवरून येतो. नोव्हेंबर २०२० साठी राज्यात ३० लाखांहून अधिक मतदारांनी मतपत्रिका मागवल्या आणि २६ लाखांच्या आसपास परत आल्या. मधले सगळे मतदार घरी बसले, असा अर्थ लावणे चूक ठरेल, कारण त्यांतील अनेक जण प्रत्यक्ष केंद्रावर गेले. मतपत्रिका मागवलेला मतदार केंद्रावर जाताना ती आणि तिचे बाहेरचे पाकीट सोबत घेऊन गेला, तर ती जमा करून त्याला नेहमीप्रमाणे मत देता येते. रिकाम्या हाताने गेला तर त्याला तात्पुरती मतपत्रिका दिली जाते आणि तिची छाननी नंतर होते. ही माहितीही फोनवर द्यावी लागते, कारण ‘मी केंद्रावरच जाईन’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर ते पाकीट पडलेले असते.

काही ठिकाणी हे दोन टप्पे एकाच भेटीत पुरे होतात. मतदार काउंटी कार्यालयात जातो, अर्ज करतो, तिथेच मतपत्रिका घेतो, भरतो आणि देतो. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीत अशा मतदारांच्या इतक्या मोठ्या रांगा लागल्या की न्यायालयाने तेथील मुदत १ नोव्हेंबरपर्यंत वाढवून दिली. याला सोयीसाठी ‘लवकर मतदान’ म्हटले गेले, पण कायद्याच्या दृष्टीने तेही टपाली मतदानच होते, फक्त टपालाविना. दुसऱ्या टोकाला ओरेगन आहे, जिथे १९९८ च्या जनमताने टपाली मतदान सर्वांसाठी लागू झाले आणि अर्ज हा प्रकारच उरला नाही. कॅलिफोर्नियानेही २०२१ च्या कायद्याने प्रत्येक सक्रिय मतदाराला मतपत्रिका पाठवण्याची पद्धत कायम केली. तिथल्या मतदाराला ‘अर्ज केलात का?’ असे विचारणे म्हणजे त्याच्या मनात नसलेला गोंधळ पेरणे होय.

यामुळे फोनही दोन प्रकारचे असतात आणि त्यांचा सूर वेगळा ठेवावा लागतो. अर्जाचा फोन उन्हाळ्यापासून सुरू होतो. त्यात समजावणे असते, पर्याय असतो, आणि मतदार संकेतस्थळ उघडून बोलता बोलता काम उरकू शकतो. मतपत्रिकेचा फोन शेवटच्या तीन-चार आठवड्यांत होतो आणि तो पाठपुराव्याचा असतो. अमेरिकेत कोणी कोणाला मत दिले हे गुप्त असते, परंतु कोणी मतपत्रिका मागवली आणि कोणाची परत आली याची नोंद मोहिमांना मिळते. त्या नोंदीवरून यादी वरचेवर नवी होते आणि ज्यांची मतपत्रिका पोहोचली त्यांची नावे गळतात. या फोनवर पटवापटवी करण्यात वेळ घालवू नये. कधी भरणार, कोणत्या दिवशी, मतपत्रिका जमा करण्यासाठी काउंटीने ठेवलेल्या कुठल्या पेटीत टाकणार, एवढेच विचारावे. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील प्रायमरीच्या वेळी निकर्सन आणि रॉजर्स या संशोधकांनी २ लाख ८७ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात, मतदानाचा बेत शब्दांत सांगायला लावल्याने, विशेषतः घरात एकटाच मतदार असेल तेव्हा, मतदान वाढल्याचे दिसले होते.

मग ‘ते मी पाठवलं’ याचा अर्थ कसा लावायचा? ‘नक्की पाठवलं का?’ असे पुन्हा विचारले तर माणूस चिडतो आणि उत्तर तेच येते. मला उपयोगी पडलेला प्रश्न एका काकूंमुळे सापडला. यादीत त्यांच्या नावापुढे ‘मतपत्रिका पाठवली, परत आली नाही’ अशी नोंद होती, आणि नावावरून ओळखून मी मराठीतच सुरुवात केली होती.

‘अहो, तो फॉर्म मी सप्टेंबरातच पोस्टात टाकला,’ त्या म्हणाल्या.

‘काकू, पाकिटात पाकीट होतं का?’

‘म्हणजे?’

‘एक आतलं, पिवळं, आणि एक बाहेरचं. तुम्ही किती पाकिटं चिकटवलीत?’

‘एकच. ते दुसरं जाडजूड काहीतरी आलंय खरं, पण मला वाटलं ती पोच आहे.’

सप्टेंबरात टाकलेला अर्ज आणि नंतर आलेले जाड पाकीट, जे फराळाच्या डब्यांच्या गर्दीत फ्रिजवर जाऊन बसले होते. त्या वर्षी दिवाळी आणि निवडणूक पाठोपाठ आली होती. लक्ष्मीपूजनानंतर पाच दिवसांच्या आत मतदान. बोलणे चालू होते ३० ऑक्टोबरला, त्यामुळे पोस्टाच्या भरवशावर राहणे धोक्याचे होते. मी काउंटीच्या पेटीचा पत्ता आणि वेळ वाचून दाखवली. पाडव्याला, शनिवारी, मुलगा येणार आहे, त्याच्या हाती देते, असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यांना अडवावे लागले. पेनसिल्व्हेनियात मतदाराने आपले पाकीट आपणच टाकायचे असते. अपंगत्वामुळे ते शक्य नसेल तर दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी वेगळा फॉर्म लागतो.

‘मग मी गाडीत बसून जाते त्याच्याबरोबर,’ त्या म्हणाल्या, ‘पण आधी सांग, तारीख कुठली लिहू? त्या दिवशीची की आजची?’

‘सही कराल त्या दिवशीची.’

मंगळवारी सकाळी नवी यादी उघडली तेव्हा त्यात त्यांचे नाव नव्हते.